तोफगोळ्यांचा तुटवडा

१९१५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडचे लिबरल पक्षाचे मंत्रिमंडळ गडगडले. पार्लमेंटात अविश्वासाचा ठराव आलेला नव्हता की निवडणूकही झालेली नव्हती. निमित्त झाले ते लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आलेल्या एका बातमीपत्राचे. फ्रान्समधील जर्मन खंदकांवर इंग्रज सैन्याने केलेला हल्ला फसला, कारण तोफांना पुरेसे स्फोटक गोळे नव्हते, एवढाच त्या बातमीपत्राचा आशय होता. इतिहासाच्या पेपरात आपण हा प्रसंग चार ओळींत उरकतो : गोळ्यांचा तुटवडा पडला, संमिश्र मंत्रिमंडळ आले, लॉइड जॉर्ज युद्धसाहित्य मंत्री झाले, तुटवडा संपला. या चार ओळींत खोटे काही नाही. गोळे खरोखरच कमी होते. पण केवळ गोळे कमी होते म्हणून हल्ला फसला का, या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. ते सरळ आहे असे धरून एक अख्खे राष्ट्र वर्षभर कामाला लागले आणि त्याचा पडताळा १ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या काठी आला. त्या सव्वा वर्षाची ही हकीकत आहे.

प्रथम खंदकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९१४ च्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे सातशे किलोमीटर लांबीची खंदकांची रांग तयार झाली. खंदक म्हणजे एक सरळ चर, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो नागमोडी, कोनाकोनांनी वळत जाणारा असे. एका ठिकाणी गोळा फुटला तर त्याचे तुकडे चार-सहा माणसांपलीकडे जाऊ नयेत, किंवा शत्रू एका टोकाने आत घुसला तर त्याला सारा खंदक एका रेषेत गोळीच्या टप्प्यात मिळू नये, हा त्यातला हेतू. पुढे काटेरी तारांचे जाळे, मागे आधाराचा दुसरा खंदक, त्यामागे तिसरा, आणि या साऱ्यांना जोडणाऱ्या आडव्या वाटा. उत्तर फ्रान्सच्या सखल मुलखात थोडे खणले की पाणी लागे, म्हणून तेथे खंदक खाली कमी आणि वर जास्त असत. मातीच्या गोण्या रचून पुरुषभर उंचीच्या भिंती उभ्या केलेल्या असत.

अशा भिंतीमागे बसलेल्या माणसाला बाहेर काढायचे तर तोफ हवी. आणि येथेच इंग्रजांची पंचाईत होती. त्यांच्या मैदानी तोफखान्याचा सारा भर अठरा पौंडी तोफेवर होता, आणि युद्ध सुरू झाले तेव्हा या तोफेसाठी फक्त एकाच जातीचा गोळा होता, श्रॅपनेल. हा गोळा हवेत फुटतो आणि त्यातल्या शिशाच्या गोळ्यांचा पाऊस खाली पडतो. उघड्या माळावरून चाल करून येणाऱ्या पलटणीची त्याने दाणादाण उडते. बोअर युद्धात नजरेसमोर होती ती अशीच लढाई. जमिनीत दडलेल्या माणसाचे मात्र तो काही बिघडवू शकत नाही. त्यासाठी जमीन फोडणारा अतिस्फोटक गोळा लागतो, आणि त्याची बेगमी कोणी केलेलीच नव्हती. तेव्हा तुटवडा होता तो नुसत्या गोळ्यांचा नव्हे, योग्य गोळ्यांचा होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण वर्तमानपत्रांच्या गदारोळात ती पुढे हरवली.

१० मार्च १९१५ रोजी इंग्रजांनी न्यूव्ह शापेल या खेड्यावर हल्ला केला. या लढाईत आपल्याला विशेष रस असण्याचे कारण असे की हल्ला करणाऱ्यांत निम्मे सैन्य हिंदी कोअरचे होते. या खेड्याची आणि हिंदी सैनिकांची गाठ त्यापूर्वीही पडली होती. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीबरोबर बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे आपल्या खडकीच्या, विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या या गावात घुसल्या होत्या. खणणे, बांधणे, पूल टाकणे हे ज्यांचे काम, त्यांना त्या दिवशी संगिनी लावून घराघरांतून लढावे लागले. कुमक न आल्याने त्यांना मागे फिरावे लागले आणि दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सारे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

मार्चमधल्या हल्ल्याची आखणी मात्र बारकाईने झाली होती. विमानांतून छायाचित्रे घेऊन जर्मन खंदकांचे नकाशे केले होते. सुमारे दोन हजार यार्डांच्या आघाडीवर साडेतीनशेच्या आसपास तोफा आणून ठेवल्या होत्या. पस्तीस मिनिटे त्यांचा भडिमार झाला आणि पायदळ उठले. मधल्या भागात जर्मन खंदक अक्षरशः नाहीसा झाला होता. गढवाल रायफल्सचे सैनिक आणि त्यांच्या शेजारच्या इंग्रज पलटणी सकाळीच गावात पोहोचल्या. पण उत्तरेकडे काय झाले पाहा. तेथल्या भागावर मारा करण्यासाठी ठेवलेल्या सहा इंची हॉविट्झर तोफा आदल्या संध्याकाळी उशिरा येऊन पोहोचल्या होत्या. नेम बांधून घ्यायला त्यांना उजेडच मिळाला नाही. त्यांचे गोळे भलतीकडेच पडले, तारा शाबूत राहिल्या, आणि मिडलसेक्स व स्कॉटिश रायफल्स या दोन पलटणी त्या तारांपुढे कापल्या गेल्या. गोळे होते, तोफाही होत्या. नव्हती ती एक संध्याकाळ.

पुढे जे झाले ते खंदकयुद्धाचे नेहमीचे दुखणे ठरले. मधली फळी फुटली, पण ती फुटल्याची बातमी मागे कशी जावी? टेलिफोनच्या तारा गोळ्यांनी तुटलेल्या, निरोप्ये वाटेत पडलेले. पुढे जावे की थांबावे याचा हुकूम मागवण्यात पाच तास गेले, आणि तेवढ्यात जर्मनांनी मागच्या बाजूला मशीनगनांची नवी रांग उभी केली. चौथ्या दिवशी लढाई थांबली तेव्हा एक खेडे हाती आले होते आणि अकरा-बारा हजार माणसे मेली किंवा जखमी झाली होती. त्यांत हिंदी कोअरची चार हजारांवर होती. गढवाल रायफल्सच्या गबरसिंग नेगी याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या लढाईपासून दोन पक्षांनी दोन धडे घेतले. जर्मनांनी आपल्या मातीच्या भिंती जाड केल्या, तारांचे जाळे वाढवले, मशीनगनांसाठी जमिनीलगत मजबूत कोनाडे बांधले. इंग्रजांनी असा धडा घेतला की आणखी गोळे असते तर काम फत्ते झाले असते. त्यांच्याकडे न्यूव्ह शापेलइतकेही गोळे उरले नव्हते, तरी ९ मे रोजी त्याच भागात ऑबर्सच्या उंचवट्यावर त्यांनी पुन्हा हल्ला चढवला. चाळीस मिनिटांच्या भडिमाराने जर्मन भिंतींना फारसे काही झाले नाही. एका दिवसात अकरा हजारांवर माणसे कामी आली किंवा जखमी झाली आणि एक यार्डही जमीन मिळाली नाही.

सरसेनापती सर जॉन फ्रेंच यांनी ही लढाई एका पडक्या चर्चच्या मनोऱ्यावरून पाहिली. ते पुढे लिहितात की मुक्कामी परत आल्यावर त्यांच्या हाती लंडनची तार पडली : आपल्या साठ्यातील गोळ्यांचा पाचवा हिस्सा तुर्कस्तानच्या मोहिमेसाठी धाडावा. फ्रेंच यांचा संताप समजण्यासारखा आहे. मात्र या संतापाला वाट करून देताना त्यांनी जो मार्ग निवडला तो सेनापतीला शोभणारा नव्हता. कर्नल रेपिंग्टन हे ‘टाइम्स’चे लष्करी वार्ताहर त्यांचे जुने स्नेही, आणि त्या सुमारास त्यांच्याच मुक्कामी पाहुणे होते. फ्रेंच यांनी त्यांना माहिती पुरवली. शिवाय आपले दोन विश्वासू लोक कागदपत्रांनिशी लंडनला पाठवले; त्यांनी भेटी घेतल्या त्या लॉइड जॉर्ज यांच्या आणि विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांच्या. १४ मेला बातमीपत्र छापून आले. तीन आठवड्यांपूर्वीच पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी न्यूकॅसलच्या सभेत, दारूगोळ्याअभावी सैन्याचे अडते आहे हा आरोप साफ नाकारला होता. ते तोंडघशी पडले.

खरे पाहता मंत्रिमंडळ एवढ्यानेच पडले असे म्हणता येणार नाही. १५ मेला आरमाराचे प्रमुख लॉर्ड फिशर यांनी डार्डनेल्सच्या मोहिमेवरून चर्चिल यांच्याशी बिनसून राजीनामा दिला, आणि विरोधी पक्षाला गप्प ठेवणे अशक्य झाले. आणखी एक गोष्ट खासगी असली तरी इतिहासकार तिची दखल घेतात. अ‍ॅस्क्विथ हे व्हेनिशिया स्टॅन्ली या तरुणीला रोज पत्रे लिहीत, कधी कधी मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना, आणि त्यांत लष्करी गुपितेही असत. १२ मे रोजी तिने आपण लग्न करीत असल्याचे त्यांना कळवले. नवरा कोण, तर त्यांचेच सहकारी एडविन माँटेग्यू. हेच माँटेग्यू पुढे भारतमंत्री झाले आणि माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत येऊन बसले. खचलेल्या पंतप्रधानांनी पुढच्या काही दिवसांत फारशी झुंज न देता संमिश्र मंत्रिमंडळाला मान्यता दिली. आणखी एक योगायोग असा की या मंत्रिमंडळात लॉर्ड कर्झन आले, आणि युद्धमंत्री म्हणून लॉर्ड किचनेर कायम राहिले. १९०५ साली हिंदुस्थानात ज्या दोघांच्या भांडणापायी कर्झन यांना व्हाइसरॉयपद सोडावे लागले होते, ते दोघे आता एका टेबलाशी बसू लागले.

सारा रोख किचनेर यांच्यावर होता. ‘टाइम्स’ आणि ‘डेली मेल’ या दोन्ही पत्रांचे मालक लॉर्ड नॉर्थक्लिफ यांनी २१ मेच्या ‘डेली मेल’मध्ये किचनेर यांच्यावर थेट तोफ डागली. परिणाम उलटा झाला. लंडनच्या शेअर बाजारात त्या अंकाची होळी झाली आणि खप धडाधड उतरला. ज्याचे मिशाळ चित्र पाहून लाखो पोरे सैन्यात भरती झाली होती, त्याच्याविषयी वाकडे ऐकून घ्यायला लोक तयार नव्हते. तरीही किचनेर यांचा दोष होताच. युद्ध दीर्घकाळ चालेल हे ओळखणाऱ्या मोजक्या लोकांपैकी ते एक होते, म्हणून त्यांनी माणसे गोळा केली. पण त्या भरतीत इंजिनियरिंग कारखान्यांतले हजारो कसबी फिटर-टर्नर खंदकात गेले आणि त्यांची लेथ यंत्रे रिकामी पडली. शिवाय युद्धखाते आपल्या ठरलेल्या कारखान्यांबाहेर कोणाला काम द्यायला नाखूष होते. त्या कारखान्यांनी झेपणार नाहीत एवढ्या मागण्या घेतल्या आणि मुदती टळत गेल्या.

लॉइड जॉर्ज यांच्याकडे नवे युद्धसाहित्य खाते आले तेव्हा त्यांच्या कचेरीत दोन टेबले आणि एक खुर्ची होती, असे त्यांच्याच आठवणींत आहे. हा वेल्समधला वकील विलक्षण उरकाचा होता. त्याने सरकारी नोकरांपेक्षा कारखानदारांना हाताशी धरले, देशभर नवे सरकारी कारखाने उठवले, शिलाई यंत्रे आणि सायकली करणाऱ्यांकडूनही गोळ्यांचे भाग करून घेतले. जुलै १९१५ च्या युद्धसाहित्य कायद्याने या कारखान्यांत संप बेकायदेशीर ठरला. मालकाचा दाखला असल्याशिवाय कामगाराला दुसरीकडे नोकरी धरता येईना. कारखान्यांच्या नफ्यालाही मर्यादा घातली, पण कामगाराच्या पायातील बेडी जितकी दिसत होती तितकी नफ्यावरची दिसत नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

हा कायदा होतो न होतो तोच दक्षिण वेल्सचे दोन लाख खाणकामगार संपावर गेले. दोन लाख लोकांना तुरुंगात घालणार कसे? लॉइड जॉर्ज स्वतः कार्डिफला गेले आणि बहुतेक मागण्या मान्य करून परतले. ग्लासगोत नाताळच्या दिवशी त्यांची सभा कामगारांनी गोंधळ घालून उधळली. ती हकीकत जशीच्या तशी छापणारे ‘फॉरवर्ड’ हे साप्ताहिक सरकारने बंद पाडले. उत्पादन घटण्याचे खापर दारूवर फोडण्याचाही उद्योग झाला. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि दारू या तीन शत्रूंत दारू सर्वांत मोठी, अशी लॉइड जॉर्ज यांची भाषा होती. राजे पंचम जॉर्ज यांनी स्वतः दारू सोडली. मंत्रिमंडळाने त्यांचा कित्ता फारसा गिरवला नाही. गुत्त्यांच्या वेळा कापल्या गेल्या, दुपारी ते बंद ठेवण्याचा नियम आला, दुसऱ्याला स्वतःच्या पैशाने दारू पाजणे अनेक भागांत गुन्हा ठरला. दुपारच्या बंदीचा तो नियम इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकून होता.

ग्लासगोचीच आणखी एक हकीकत आपल्याला जवळची वाटेल. गोळ्यांच्या आणि जहाजांच्या कामासाठी त्या शहरात माणसांचा लोंढा आला, आणि घरमालकांनी भाडी वाढवली. तेथली वस्ती चाळवजा इमारतींची. एका जिन्यावर अनेक बिऱ्हाडे. पुरुष खंदकात किंवा कारखान्यात, तेव्हा लढा बायकांनी चालवला. गोव्हन भागातील मेरी बार्बर ही त्यांची पुढारी. बेलीफ दिसला की घंटा वाजवायची आणि साऱ्या बायकांनी जिना अडवून त्याच्यावर पिठाची पुडकी फेकायची, ही त्यांची युद्धनीती. १९१५ च्या हिवाळ्यापर्यंत वीस हजारांवर कुटुंबांनी वाढीव भाडे देणे थांबवले होते. १७ नोव्हेंबरला अठरा भाडेकरूंना कोर्टात उभे केले तेव्हा जहाजांच्या गोद्यांतले कामगार हत्यारे खाली ठेवून कोर्टावर चालून आले. गोळ्यांचे काम थांबते म्हटल्यावर लंडनहून चक्रे फिरली. खटले मागे घेतले गेले आणि डिसेंबरात कायदा होऊन भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली गेली. या कायद्याच्या नावात ‘वॉर रिस्ट्रिक्शन्स’ असे शब्द आहेत. १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, त्याच्याही नावात नेमके हेच शब्द आढळतात. पागडी आणि जुन्या भाड्याची चाळ यांचा वाद ज्यांच्या घरी ऐकला जातो त्यांना त्याची वंशावळ कोठवर जाते हे ठाऊक असलेले बरे.

कारखान्यांत कामाला आल्या त्याही बायकाच. युद्धाच्या अखेरीस गोळे-दारूच्या कामावर नऊ लाखांच्या आसपास स्त्रिया होत्या. टीएनटी भरणाऱ्या मुलींची कातडी आणि केस पिवळे पडत. लोक त्यांना ‘कॅनरी’ पक्षी म्हणत. त्या विषाने शंभरावर मुली मेल्या. ५ डिसेंबर १९१६ रोजी लीड्सजवळ बार्नबो येथे रात्रपाळीला स्फोट होऊन पस्तीस स्त्रिया ठार झाल्या. सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांत कारखान्याचे नाव आले नाही. पगार पुरुषांहून कमीच होता. १९१८ साली स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला तेव्हा वयाची अट तीस वर्षांची ठेवली गेली. म्हणजे गोळे भरणाऱ्या बहुतेक तरुण मुली त्यातून वगळल्याच गेल्या. हा अन्याय इतिहासाच्या पुस्तकांत फारसा ठळक होत नाही.

गोळे मात्र आले. १९१६ च्या ऑगस्टमध्ये युद्धसाहित्य मंत्री या नात्याने माँटेग्यू यांनी पार्लमेंटला सांगितले की युद्धाच्या पहिल्या वर्षात अठरा पौंडी तोफेचे जेवढे गोळे तयार झाले तेवढे आता तीन आठवड्यांत होतात. हे भाषण झाले तेव्हा सोमची लढाई दीड महिना चालू होती.

सोमवर सात दिवस अहोरात्र भडिमार झाला. चौदाशेहून अधिक तोफा, पंधरा लाखांहून अधिक गोळे. न्यूव्ह शापेलची पस्तीस मिनिटे कोठे आणि हे कोठे! पण येथे थोडा हिशेब केला पाहिजे. आघाडी होती पंधरा-सोळा मैलांची. सर जॉन फ्रेंच यांच्या जागी आलेले सरसेनापती हेग यांना पहिल्याबरोबर दुसरी जर्मन फळीही एकाच धडकेत हवी होती. रॉलिन्सन हे सेनापती न्यूव्ह शापेललाही होते. थोडी जमीन घ्यावी, तिच्यात पाय रोवावेत, मग पुढची घ्यावी, हे त्यांचे त्या लढाईतून झालेले मत. हेग यांच्यापुढे त्यांनी ते फार ताणले नाही. गोळे लांबीत पसरले आणि खोलीतही पसरले. जर्मन खंदकाच्या प्रत्येक यार्डामागे पडलेल्या गोळ्यांचे वजन काढले, तर सोमवर ते न्यूव्ह शापेलपेक्षा पुष्कळच कमी भरते, असे रॉबिन प्रायर आणि ट्रेव्हर विल्सन या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. पंधरा लाखांचा आकडा डोळे दिपवणारा होता. त्याला भागायचे कशाने, हे कोणी विचारले नाही.

शिवाय त्यांतला मोठा भाग श्रॅपनेलचाच होता, तारा तोडण्यासाठी. जर्मन सैनिक खडूच्या खडकात तीस-तीस फूट खोल बसले होते. आणि गोळे घाईने केलेले होते. फ्यूज सदोष, तपासणी ढिली. तीस टक्क्यांच्या आसपास गोळे फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. मोजणी गोळ्यांच्या संख्येची होत होती. वर्तमानपत्रांनी मागितली होती संख्या, मंत्र्यांनी पुरवली संख्या. १ जुलैच्या सकाळी पायदळ उठले. त्या एका दिवसात इंग्रजांचे ५७,४७० लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. त्यांतले १९,२४० मेले.

१९१५ मध्ये अकरा हजारांवर सरकार डळमळले होते. या वेळी तसे काही झाले नाही. पाच जूनला किचनेर यांचे जहाज समुद्रात बुडून ते मरण पावले होते, त्यांच्या जागी लॉइड जॉर्ज युद्धमंत्री झाले होते, आणि गोळे कमी पडले असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. डिसेंबरात अ‍ॅस्क्विथ गेले ते निराळ्या कारस्थानाने. पण त्यांच्या जागी जो माणूस आला त्याची पुण्याई गोळ्यांचीच होती. तारेला स्पर्श होताच फुटणारा, जमिनीत न घुसणारा नवा फ्यूज १९१७ मध्ये सर्रास मिळू लागला, तेव्हा कोठे तारांचा प्रश्न सुटू लागला.

न्यूव्ह शापेल येथे हिंदी सैनिकांचे जे स्मारक १९२७ साली उघडले गेले, त्यावर ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे आहेत. सोमच्या शेतांत आजही नांगराला न फुटलेले गोळे लागतात. शेतकरी ते उचलून रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि सरकारी पथकाची गाडी येऊन ते घेऊन जाते.